सोयरेबाक

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, हितसंबंध समितीच्या दाराबाहेर एक लाकडी बाक आहे. ते बसण्यासाठी केलेलं असावं, असा फक्त अंदाज करता येतो. पाठ ताठ, फळी अरुंद, आणि चारांपैकी एक पाय तोकडा. त्यामुळे एका टोकाला कुणी बसलं की दुसऱ्या टोकाचा माणूस किंचित वर उचलला जातो. विद्यापीठात वर जाण्याची इतकी जलद पद्धत दुसरी नाही.

समितीचा रिवाज साधा. संशोधनाचा जो विषय चर्चेला येईल त्यात ज्याचं कुणी नात्यातलं असेल, ज्याला त्यातून चार पैसे मिळणार असतील, त्याने आपण होऊन तसं सांगायचं, उठायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर त्या बाकावर जाऊन बसायचं. बाकावर असेपर्यंत विषयाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मग तो शिपाई असो की कुलगुरू. म्हणून त्याला सगळे सोयरेबाक म्हणतात. कागदोपत्री त्याचं नाव प्रतीक्षा-आसन असं आहे, पण कागदोपत्री त्याचे चारही पाय सारखे आहेत.

चालबाईंवर या बाकावर बसायची वेळ आली ती एका काठीमुळे.

चालबाई हे विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. माणसं कशी चालतात, कुठे अडखळतात आणि का पडतात, याचा त्या अभ्यास करत. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतींवर कॅमेरे, जमिनीत पावलांचा भार मोजणाऱ्या पाट्या, आणि कोपऱ्यात एक छोटा जिना, जो चढून गेलं की भिंत लागते. विद्यापीठाच्या इतर योजनाही साधारण अशाच असतात, पण त्या जिन्याने ते कधी लपवून ठेवलं नाही.

त्या वर्षी नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला शहरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटायला एक चांगली काठी हवी होती. काठ्या बनवणाऱ्यांनी आपापले नमुने पाठवायचे, बाईंनी त्या काठ्या खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात देऊन तपासायच्या, आणि जी उत्तम ठरेल ती खातं हजारोंनी घेणार. खोकी आली. बाई एकेक उघडत होत्या. चौथ्या खोक्यातली काठी त्यांनी मुठीला धरून बाहेर काढली आणि पुन्हा होती तशी आत ठेवली.

ती मूठ त्यांच्या ओळखीची होती. किंचित डावीकडे कललेली, अंगठा विसावायला खळगा असलेली. तशीच एक घरी दाराच्या मागे खुंटीला लटकत होती. सासूबाई गेल्या तरी ती कुणी काढली नव्हती. सासूबाईंच्या डाव्या हाताच्या मापाने सासऱ्यांनी ती कोरली होती.

सासरे म्हणजे अप्पा. सगळा जन्म सुतारकाम शिकवण्यात गेला, आता मागच्या पडवीत ठोकठोक करत असतात. बाईंनी संध्याकाळी घरी जाऊन सरळ विचारलं. अप्पांनीही सरळ सांगितलं, की हो, आपलीच. जुन्या एका विद्यार्थ्याने छोटा कारखाना काढलाय, त्याला नमुना दिला. विकलेल्या दर काठीमागे तो थोडं काही देणार आहे. पण काठी कुठे तपासणीला जाणार, हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि त्या विद्यार्थ्याला सून कोण ते ठाऊक नव्हतं. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. तोंड उघडं असलेल्या माणसांशी बोलण्याची सवय असल्यामुळे उलट उत्तर येईल अशी त्यांची अपेक्षा नसते. ते म्हणाले, यात इतका विचार करण्यासारखं काय आहे. बायकोने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, शहर मोठं आहे आणि काठीला तोंड नाही. कोण कुणाला सांगतंय?

“मी सांगतेय,” बाई म्हणाल्या.

“मग ती काढूनच टाक ना सूनबाई तपासणीतून,” अप्पा म्हणाले. “विषय मिटला.”

हे ते इतक्या सहज म्हणाले की कुणालाही खरं वाटलं नाही. जेवायला बसले आणि घास हातात धरून राहिले. बाईंनी ताटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. शेवटी अप्पांनी मनातलं बाहेर काढलं.

“मी आयुष्यभर जे जे केलं ते तुझ्या सासूने चांगलं म्हटलं. तीन पायांचं स्टूल केलं, त्यावरून आपले जावई आपटले. तर ती म्हणते, स्टूल चांगलंय हो, जावईच जरा तिरपे बसतात. पुढे मुलगा तसाच निघाला, तूही तशीच. माझ्या हातचं कधी काही बिघडलंच नाही या घरात. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी परक्या माणसाने सांगावं एवढंच होतं मनात. चांगली तर चांगली, टाकाऊ तर टाकाऊ.”

यजमानांनी स्टूल खरंच चांगलं होतं असं म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने मिटलं.

दुसऱ्याच दिवशी बाई समितीपुढे उभ्या राहिल्या. समितीचे अध्यक्ष कायद्याचे प्राध्यापक. नियमाला इतके पक्के की आरशासमोर उभे राहिले तरी आधी ओळखपत्र दाखवतील. बाहेरच्या सभासद म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी माणसाला आपण गृहपाठ केलेला नाही हे आठवे. शिवाय आणखी दोन सभासद होते, जे मान डोलावण्याचं काम अत्यंत जबाबदारीने करत.

बाईंनी नातं सांगितलं, पैशाचं सांगितलं, मुठीचंही सांगितलं, आणि कुणी सांगायच्या आत बाहेर जाऊन सोयरेबाकावर बसल्या.

आत काय झालं ते नंतर सगळ्यांना कळलंच. अध्यक्षांचं म्हणणं पडलं, की काठी बाद करावी. सोपा उपाय, एका ओळीचा ठराव. दोन माना डोलल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, काठीने काय गुन्हा केलाय? उद्या हीच खरी चांगली निघाली तर गावातल्या म्हाताऱ्यांना आपण काय सांगणार, की तुम्ही पडा, कारण करणाऱ्याची सून शिकलेली आहे? काठी राहू दे. सूनबाईंना बाजूला करा. मोजमाप दुसऱ्या कुणीतरी करावं, ज्याला त्यांच्याबद्दल जराही माया नाही.

अशा माणसाचं नाव सुचवायला वेळ लागला नाही. स्नायुसर. शेजारच्याच विभागात स्नायूंचा अभ्यास करत. ते आणि चालबाई कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जिन्यात समोरासमोर आले तर दोघांनाही अचानक भिंतीवरच्या सूचना वाचाव्याशा वाटत. अध्यक्ष खूश झाले. यापेक्षा निःपक्षपाती माणूस मिळणार कुठे?

सरांना बोलावणं गेलं. ते आले. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, या विषयात आपला काही हितसंबंध?

“आहे,” सर म्हणाले. “मला त्या आवडत नाहीत.”

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक चाळलं. नातं होतं, भागीदारी होती, देणगी होती, परदेशप्रवास होता. नावड कुठेच नव्हती. मुख्याध्यापिकांनी पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेऊन मिटलं. म्हणाल्या, मायेने पारडं एकीकडे झुकतं, तसं रागाने दुसरीकडे झुकतं, आपल्याला दोन्ही नको. सर, खरं बोललात, आता बाहेर बसा.

सर बाहेर आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. बाई वर उचलल्या गेल्या.

थोडा वेळ दोघांनी समोरच्या अग्निशामक नळकांड्याचं निरीक्षण केलं. विषयाबद्दल बोलायला बंदी. आणि दोघांमध्ये काठी सोडली तर बोलण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ज्यावरून बोलणं बंद झालं ती. बाईंची एक ट्रेडमिल सर कधीकाळी वापरायला घेऊन गेले होते. परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलगुरू प्रयोगशाळा बघायला आले, हौसेने ट्रेडमिलवर चढले, बटण दाबलं, आणि त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच मागे गेले. पट्टा उलटा फिरत होता.

“मुद्दाम नव्हतं केलं,” सर नळकांड्याला म्हणाले. “उलटं चालणं मोजत होतो. सरळ करायचं राहून गेलं. त्यावर तुम्ही माझी तक्रार केलीत.”

“मी कुठे केली? कुलगुरूंनी केली.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी हसले. ते त्यांनी पाहिलं. त्या वर्षीचं माझं अनुदान गेलं ते तेवढ्यावरून.”

सरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचंही अनुदान त्याच वर्षी गेलं होतं. त्यांनी ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की कुलगुरू मागे गेले ते नेमके कसे गेले, कारण ते दृश्य आपलं हुकलं. बाईंनी बसल्या बसल्या हात हवेत फिरवून दाखवलं. बाक कलंडलं, सर वर गेले, बाई खाली आल्या, आणि दोघंही असे हसायला लागले की तळमजल्यावरच्या ग्रंथालयातून कुणीतरी वर येऊन शांत राहा म्हणून सांगून गेलं.

तेवढ्यात दार उघडलं. अध्यक्षांनी हा प्रकार पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. आत्ताच टिपणात वैर अशी नोंद झाली होती. ती आता खोडून मैत्री लिहायची की काय? आणि वैर असो की मैत्री, हे सर बादच.

“दोन्ही लिहा,” मुख्याध्यापिका आतून म्हणाल्या. “कुठलाच माणूस कोरा मिळणार नाही तुम्हाला. सगळ्यांदेखत सांगून टाकलंय ना, मग आता नुसती काळजी घेऊ. कुठली काठी कुणाची, तेवढं या सरांना कळू द्यायचं नाही.”

त्याप्रमाणे ठरलं. मूठ आणि खालचं टोक सोडून मधला सगळा भाग रंगीत कापडी गवसण्यांनी झाकायचा. गवसण्या मुख्याध्यापिका स्वतः चढवणार, आणि कुठल्या रंगाखाली कुठला कारखाना ते त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नसणार. स्नायुसरांनी मोजायचं. आकडेमोड तिसऱ्याच विभागात. चालबाईंनी काम संपेपर्यंत स्वतःच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. आणि निष्कर्ष छापताना पहिल्याच परिच्छेदात लिहायचं, की यातली एक काठी या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या सासऱ्यांची आहे. अध्यक्षांनी ते सासरे शब्दाची व्याख्या देऊन लिहिलं.

घरी अप्पांनी या सगळ्याचं इतकं मनावर घेतलं की समितीने लाजावं. त्यांनी पडवीत एक खुर्ची टाकली आणि तिला घरचं सोयरेबाक जाहीर केलं. सूनबाईंच्या कामाचा विषय निघाला रे निघाला की ते ताट घेऊन तिथे जाऊन बसत. यजमान नुसतं म्हणाले, की आज दमलेली दिसतेस, तरी अप्पा उठत. कारण दमण्याचं कारण काठी असू शकतं. हळूहळू घराला याची गोडी लागली. एकदा यजमानांनी केकच्या शेवटच्या तुकड्याची वाटणी स्वतः करायला घेतली, तेव्हा त्यांना हितसंबंधापायी पडवीत पाठवण्यात आलं. ते परत येईपर्यंत निर्णय झालेला होता.

पण रात्री झोपायला जाताना अप्पा त्या खुंटीवरच्या काठीला हात लावून जात, हे बाई बघत होत्या. विचारता येत नव्हतं, सांगता येत नव्हतं. सांगायला त्यांना तरी कुठे काय माहीत होतं.

निकालाचा दिवस आला. समितीपुढे अहवाल वाचला जाणार होता. चालबाई बाकावर, शेजारी स्नायुसर. अप्पांनाही बोलावलं होतं, ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. बसताक्षणी त्यांनी खाली वाकून बाकाचा तोकडा पाय पाहिला आणि एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं मान हलवली.

इतक्यात समितीचं दार उघडलं आणि खुद्द अध्यक्ष बाहेर आले. त्यांच्या मागे आतून मुख्याध्यापिकांचा आवाज आला, दार लावून घ्या. तपासणीत भाग घेतलेल्या मंडळींमध्ये अध्यक्षांच्या मातोश्री निघाल्या होत्या. त्यांनी मुलाला न सांगता नाव दिलं होतं. अध्यक्षांना ते आत्ता, अहवाल समोर आल्यावर कळलं आणि त्यांनी जागच्या जागी स्वतःला बाहेर काढलं. सोयरेबाकावर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. बसले, आणि पलीकडच्या टोकाचे अप्पा वर गेले.

त्यांच्या मातोश्री, छत्री टेकत चालणाऱ्या आजी, कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभ्याच होत्या. मुलाच्या गाडीतून घरी जायचं म्हणून आलेल्या. मुलगा बाहेर आलेला पाहून त्याही येऊन बाकावर टेकल्या. आता बाकावर मुंगीला जागा नव्हती.

“काठ्यांचंच चाललंय ना आत?” त्यांनी विचारलं.

“आई, इथे विषयाबद्दल बोलायचं नसतं. नियम आहे.”

“तुझे नियम मी तुला बोलायला शिकवलं त्याच्या नंतरचे आहेत,” त्या म्हणाल्या आणि अप्पांकडे वळल्या. अप्पा त्यांना कुणी तरी वाट बघत बसलेले गृहस्थ वाटले. मोजणं तर केव्हाच संपलंय, अहवालही लिहून झालाय, मग बोलायला काय हरकत आहे, असं म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. सगळ्या काठ्या चालवून पाहिल्या. दोन अगदीच दांडकी. एक इतकी हलकी की वाऱ्यावर धरलीय असं वाटावं. पण हिरव्या गवसणीची एक होती. तिची मूठ हातात घेतली आणि वाटलं, कुणीतरी आपला हात आधीच धरून ठेवलाय. अंगठ्याला खळगासुद्धा. बाईमाणसाच्या हातासाठी केलेली, आणि करणाऱ्याने तो हात पुष्कळ वर्षं बघितलेला असणार.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. चालबाईंनी खाली मान घातली.

“पण खालचं टोक,” आजी पुढे म्हणाल्या, “इतकं वाईट टोक मी जन्मात पाहिलं नाही.”

अप्पा उभे राहिले. बाकाने सगळ्यांची जागा बदलली.

“बाई, तुम्हाला एक आधी सांगायला हवं,” ते म्हणाले. “ती काठी मी केलीय.”

चालबाईंना पुढचं पाठ होतं. इथेच सगळे मवाळ होत. तसं नव्हे हो, तशी चांगलीच आहे, माझाच पाय जरा अधू. जन्मभर अप्पांना जे ऐकू आलं तेच आता एक परकी बाईही म्हणणार, आणि आत अहवालात काहीही असलं तरी अप्पा हेच घेऊन घरी जाणार.

आजींनी अप्पांना पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

“तुम्ही केलीत? मग बरे सापडलात. या इकडे.”

त्यांनी अप्पांना जिन्याशी नेलं आणि मघाचंच सगळं पुन्हा, पण मोठ्या आवाजात सांगितलं. टोकाला तुम्ही तीन पाय दिलेत पसरट. सपाट जमिनीवर ठीक. पण जिना उतरताना पायरीवर दोनच टेकतात, तिसरा हवेत. मग काठी फिरते, मूठ फिरते, आणि आम्ही तुमच्या त्या गोड खळग्यात अंगठा घालून खाली जातो. हातातली छत्री त्यांनी पायरीवर टेकवून तिरकी करून दाखवली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

“घरात जिना आहे का तुमच्या?”

“नाही,” अप्पा म्हणाले. “तळमजला.”

“वाटलंच मला.”

अप्पा पायरीकडे बघत राहिले. सासूबाई घरातल्या घरात चालायच्या, स्वयंपाकघर ते पडवी. ती काठी त्या जमिनीवर पारखलेली होती आणि त्या एका हाताने तिला चांगलं म्हटलं होतं. जिन्याला त्यात कुणी विचारलंच नव्हतं.

दार उघडलं. मुख्याध्यापिका हातात कागद घेऊन बाहेरच आल्या, कारण आत दोन डोलणाऱ्या मानाच उरल्या होत्या आणि ज्यांना ऐकवायचं ते सगळे, अध्यक्षांसकट, बाहेरच होते. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. हिरवी काठी: मुठीची पकड सर्वांत उत्तम. सपाट जमिनीवर पहिली. जिन्यावर शेवटची. टोक बदलेपर्यंत घेऊ नये, अशी शिफारस.

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. स्नायुसरांनी आपण एका म्हाताऱ्याची काठी पाडली हे कळून घसा खाकरला आणि काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. चालबाईंनी त्यांच्या कोपराला हळूच धक्का दिला.

“ते जिन्याचं परत वाचा,” अप्पा म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी वाचलं. शेवटची.

“शेवटची,” अप्पा म्हणाले. बक्षीस मिळालेल्या पोराने आपलं नाव ऐकावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. “सूनबाई, ऐकलंस? आत मोजलं तर शेवटची, आणि इथे या बाईंनी, मीच केलीय हे ठाऊक असून, तोंडावर तेच सांगितलं.”

“ऐकलं अप्पा.”

“तुझी सासू असती तर म्हणाली असती, जिनाच वाकडा आहे.” आणि ते हसायला लागले. चालबाईही हसल्या, डोळे पुसत. नवऱ्याला फोन करायला हवा होता, पण त्यांना आता कुठलीच घाई नव्हती.

अप्पांना मात्र होती. त्यांनी आजींना विचारलं, त्यांच्या घरी जिना कसा आहे, पायरी किती रुंद, कठडा कुठल्या बाजूला. आजी म्हणाल्या, येऊन बघा की, आणि येताना नवं टोक घेऊनच या, नाहीतर उगाच चहा वाया. नवं टोक घेऊन पहिल्यांदा कोण उतरणार, यावरून दोघांत तिथेच वाद सुरू झाला. वाद घालतच ते जिना उतरू लागले, आजी छत्री टेकत, अप्पा दर पायरीवर थांबून वीत लावत.

चालबाई आणि स्नायुसर जिन्याच्या तोंडाशी जाऊन बघत होते, अध्यक्ष बाकावर एकटेच उरले होते. एका टोकाला त्यांचा भार आणि दुसरं टोक हवेत. काठी दुरुस्त होऊन पुन्हा समितीपुढे येणार, तेव्हा आपल्याला आत बसता येणार नाही, हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं. खालून आईचं हसणं ऐकू आलं. असं ते त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यांनी नोंद करायला खिशातून पेन काढलं, थोडा विचार केला आणि परत ठेवून दिलं.

“अहो अध्यक्ष,” खालून अप्पांचा आवाज आला, “त्या बाकाचा पाय मी उद्या येऊन नीट करतो. आणि तो कसा झालाय, ते तुमच्या आईंना विचारा. मला विचारू नका.”